छोट्या र्‍योकानमधला मुक्काम: बुकिंगपासून निरोपापर्यंत

र्‍योकानमध्ये, म्हणजे जपानी पारंपरिक अतिथिगृहात, खोली मिळते दुपारी ३ वाजता, आणि तुम्ही शक्यतो ३ वाजताच तिथे असायला हवं. जपानला जाणारी आपली बरीच मंडळी दिवसभर देवळं, बाजार, किल्ले पालथे घालतात, रात्री ८ वाजता दमूनभागून र्‍योकानवर पोहोचतात, झोपतात आणि सकाळी १० वाजता बाहेर पडतात. मग म्हणतात, छान होतं, पण एवढे पैसे कशाचे घेतात? पैसे त्या संध्याकाळचे असतात. आल्यावरचा चहा, बागेसमोर बसणं, जेवणाआधीचं गरम पाण्याचं स्नान, एकामागून एक येणारे पदार्थ, तुम्ही जेवत असताना खोलीत घातलेलं अंथरूण, झोपण्यापूर्वी पुन्हा एक डुबकी. रात्री ८ वाजता येणाऱ्याच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही.

हा लेख छोट्या, पारंपरिक र्‍योकानबद्दल आहे: पाच-सात ते वीस खोल्या, मालकीणबाई (त्यांना ‘ओकामी’ म्हणतात) स्वतः दारात उभ्या आणि स्वयंपाकघरात आजच्या पाहुण्यांची नेमकी संख्या धरून आणलेली भाजी आणि मासळी. शंभर-दोनशे खोल्यांच्या, बुफे जेवणाच्या मोठ्या इमारतींनाही र्‍योकानच म्हणतात. त्यांत वाईट काही नाही, पण तिथले नियम हॉटेलच्या जवळचे असतात. छोट्या घरात मात्र सगळी तयारी तुमच्या येण्यापूर्वीच झालेली असते. म्हणून काय हवं-नको ते आधी कळवायचं आणि दिलेली वेळ पाळायची, एवढं ज्याने केलं त्याचा मुक्काम चांगलाच होतो. पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक याच दोन गोष्टींचा तपशील आहे.

कुठलं निवडायचं

जपानमध्ये र्‍योकानची परंपरा फार जुनी आहे. यामानाशीतलं केइउनकान सन ७०५ मध्ये सुरू झालं असं मानतात, इशिकावातल्या आवाझु इथलं होशी ७१८ मध्ये. क्योतोतलं हिइरागिया १८१८ चं, आणि त्याच्या समोरचं तावाराया तर त्याहूनही जुनं. तिथे खोल्या जेमतेम अठरा. नावं मोठी आहेत, दरही तसेच. पहिल्या खेपेला यांच्यामागे लागण्याची गरज नाही.

आधी शहर की गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, हे ठरवा. क्योतो शहरातल्या बहुतेक जुन्या र्‍योकानांमध्ये झऱ्याचं पाणी नसतं. खोलीतल्या सुगंधी लाकडाच्या टबात साधं पाणी तापवून भरतात. तिथलं सुख जेवणाचं, वास्तूचं आणि सेवेचं. झऱ्याच्या गावात, म्हणजे ‘ओन्सेन’ गावात, या सगळ्याला स्नानाची जोड मिळते. पहिला मुक्काम ओन्सेन गावातच करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातही एक गाव सुचवायचं तर किनोसाकी. क्योतोहून थेट एक्सप्रेस गाडीने सुमारे अडीच तास. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि तिथल्या र्‍योकानमध्ये उतरणाऱ्यांना ती सातही मोफत. संध्याकाळी अख्खं गाव सुती किमोनो आणि लाकडी चपला घालून ओतानी नदीकाठच्या वाळुंज झाडांखालून या स्नानगृहातून त्या स्नानगृहात फिरत असतं. नवख्या माणसाला तिथे अवघडल्यासारखं होत नाही, कारण सगळेच त्याच वेशात असतात. क्यूशू बेटावर कुमामोतो प्रांतातलं कुरोकावा हे डोंगरदरीतलं गाव आहे. तिथे लाकडी बिल्ला विकत घेतला की वेगवेगळ्या र्‍योकानांच्या उघड्यावरच्या कुंडांत उतरता येतं. तोक्योहून जवळचं हवं असेल तर हाकोने. खिसा भक्कम असेल आणि काहीतरी अपूर्व अनुभवायचं असेल तर इझु द्वीपकल्पावरच्या शुझेंजीतलं आसाबा: १४८९ सालचं घर, आणि तळ्यापलीकडे चक्क ‘नो’ या पारंपरिक जपानी नाट्यप्रकाराचा रंगमंच.

कडक शाकाहारी असाल तर वाकायामातल्या कोयासान पर्वताचा विचार आधी करा. त्याबद्दल पुढे सांगते.

तारीख

प्रवासाच्या अगदी पहिल्या रात्री र्‍योकान नको. विमान उशिरा आलं तर संध्याकाळ हातची जाते. प्रवासाच्या मध्यावर किंवा उत्तरार्धात, पाय दुखायला लागले की जावं. शक्य असेल तर एकाच घरात दोन रात्री. दुसऱ्या रात्री जेवणाचे पदार्थ सहसा बदलतात आणि मधला पूर्ण दिवस तुमचा असतो.

शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री दर चढतात. रविवार ते गुरुवार स्वस्त. एप्रिलच्या अखेरीपासून ५ मेपर्यंत जपानची मोठी सुट्टी असते, म्हणून आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तो आठवडा संपल्यावर पोहोचावं. ऑगस्टच्या मध्यात पितरांचा ओबोन सण असतो आणि वर्षअखेरीला नववर्ष. दोन्ही वेळी खोली मिळणं अवघड. दिवाळीच्या सुट्टीत मात्र योग चांगला जुळतो. ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडच्या डोंगरांत आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योतोत मेपलची पानं लाल होतात. त्या दिवसांसाठी तीन-चार महिने आधी खोली धरून ठेवा.

उपास करत असाल तर दिनदर्शिका जवळ घेऊनच तारीख ठरवा. एकादशी किंवा संकष्टीच्या दिवशी दहा पदार्थांचं ताट समोर आलं तर तुमचीही पंचाईत आणि स्वयंपाक्याचीही.

दर कसा वाचायचा

हॉटेलमध्ये खोलीचा दर असतो, र्‍योकानमध्ये माणशी. ‘इप्पाकु निशोकु’ म्हणजे एक रात्र आणि दोन जेवणं: रात्रीचं आणि सकाळचं. पडद्यावर २५,००० येन दिसले आणि तुम्ही दोघं असाल तर ५०,००० येन झाले. १०० येनला साधारण ६० रुपये धरले तर ३०,००० रुपये. चांगल्या छोट्या घराचा दर माणशी २५,००० ते ४०,००० येनच्या घरात असतो. नामांकित घरं ६०,००० च्या पुढे सुरू होतात. जेवणाशिवायची खोली घेतली (त्याला ‘सुदोमारी’ म्हणतात) तर खर्च बराच कमी होतो, पण माझ्या मते र्‍योकानला जाऊन जेवण टाळू नये. पैसे वाचवायचे असतील तर बाकीच्या रात्री साध्या बिझनेस हॉटेलात काढा.

करही वेगळे द्यावे लागतात. ओन्सेन गावात माणशी रात्रीला बहुधा १५० येन स्नानकर असतो. क्योतो शहराचा मुक्काम-कर मार्च २०२६ पासून बराच वाढला आहे. सर्वांत महागड्या खोल्यांना तो माणशी रात्रीला १०,००० येनपर्यंत जातो. ही रक्कम पुष्कळदा निघताना रोख मागतात.

एकट्या प्रवाशाला काही घरं खोली देत नाहीत किंवा जास्त दर लावतात. लहान मुलांना अगदी शांत घरं घेत नाहीत. जी घेतात ती मुलांच्या जेवणाप्रमाणे आणि वेगळ्या अंथरुणाप्रमाणे दर ठरवतात, म्हणून मुलांचं वय आणि त्यांना काय लागेल ते नीट भरा. रद्द करण्याचे नियम कडक असतात. तारीख जवळ येईल तशी कापली जाणारी रक्कम वाढते, आणि आयत्या वेळी न गेल्यास सहसा पूर्ण रक्कम जाते. तुमच्यासाठी बाजार झालेला असतो, हे लक्षात घेतलं की हे नियम खटकत नाहीत.

बुकिंग राकुतेन ट्रॅव्हल, जालान, इक्यू अशा जपानी संकेतस्थळांवर होतं. अनेक घरांचं स्वतःचं इंग्रजी पानही असतं. जेवणाबद्दल काही सांगायचं असेल तर थेट घराशी पत्रव्यवहार होईल असाच मार्ग निवडा.

जेवणाबद्दल आधी सांगणं: इथे घाई करू नका

जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ आहे. कोंबु नावाचं समुद्री शेवाळ आणि बोनितो माशाचा वाळवलेला कीस यांपासून काढलेलं हे पातळ सार. मिसो सूपमध्ये (आंबवलेल्या सोयाबीनच्या सारात) दाशी, शिजवलेल्या भाजीत दाशी, अंड्याच्या वाफवलेल्या पुडिंगमध्ये दाशी, कधी कधी भिजवलेल्या पालकावरही दाशी. ताटात मासा दिसत नसला तरी तो रसात असतो. तुम्ही फक्त ‘व्हेजिटेरियन’ असं लिहिलंत तर घरातले लोक मनापासून मासा आणि मटण काढून टाकतील आणि दाशी तशीच ठेवतील. त्यात फसवणुकीचा हेतू नसतो. तिथे रसाला मासा समजत नाहीत, एवढंच.

म्हणून एका शब्दावर भागवू नका, यादी द्या. मांस, कोंबडी, मासा, कोळंबी-शिंपले, बोनितोची दाशी, जिलेटिन. अंडं चालतं की नाही, दूध चालतं की नाही. गोड, दाट मिरिन आणि स्वयंपाकातली साके (तांदळाचं मद्य) यांत मद्यार्क असतो, तोही नको असेल तर तसं लिहा. आणि काय चालतं तेही सांगा: कोंबुची दाशी, शिताके मशरूमची दाशी, तोफू (सोयाबीनचं पनीर), सगळ्या भाज्या. ‘हे नको’ एवढंच वाचणाऱ्या स्वयंपाक्यापुढे भिंत उभी राहते. काय चालतं ते वाचलं की त्याला वाट दिसते.

पत्रात घालायला ही जपानी वाक्यं उपयोगी पडतील: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन’ म्हणजे मांस आणि मासा मी खाऊ शकत नाही. ‘कात्सुओ-दाशी मो दामे देसु’ म्हणजे बोनितोची दाशीही चालत नाही. ‘कोंबु-दाशी नारा दाइजोबु देसु’ म्हणजे कोंबुची दाशी असेल तर चालेल.

हे बुकिंगच्या वेळीच कळवायचं आणि मुक्कामाच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा आठवण द्यायची. दारात पोहोचल्यावर सांगून काही होत नाही. त्या वेळी सार उकळत असतं. काही घरं नम्रपणे कळवतात की आम्हाला हे जमणार नाही. त्यावर वाद घालू नका, विनवण्याही करू नका. ज्या घराला जमतं ते शोधा. नकार देणारं घर तुमचा पैसा आणि तुमचा नेम दोन्ही वाचवत असतं.

पूर्ण शाकाहारी माणसाला सर्वांत निर्धास्त जागा म्हणजे कोयासान. नवव्या शतकात कुकाई या भिक्षूने इथे शिंगोन बौद्ध पंथाचं पीठ स्थापन केलं, आणि आज तिथली सुमारे ५० मंदिरं प्रवाशांना मुक्कामाला घेतात. तांत्रिक अर्थाने ही र्‍योकान नव्हेत, पण तातामीची (गवताच्या चटयांची) खोली, अंथरूण, बाग, सामायिक स्नान हे सगळं तेच. जेवण ‘शोजिन र्‍योरी’: मांस-मासा नाही, आणि कांदा-लसूणही नाही. तिळाचा गुळगुळीत गोमा-तोफू ही तिथली खासियत. जैन मंडळींनी मात्र एक ध्यानात घ्यावं: गाजर, बटाटा, कमळकाकडी, रताळं हे सगळं शोजिन स्वयंपाकात सर्रास असतं, तेव्हा कंदमुळं नको असतील तर तेही आधी लिहावं लागेल. पहाटेच्या प्रार्थनेला पाहुण्यांना बसू देतात. जरूर बसा.

मासे खाणाऱ्यांचं काम सोपं. गोमांस किंवा डुकराचं मांस नको असेल तर तेवढं सांगा, कच्चा मासा झेपणार नसेल तर तेही सांगा. कोकण-गोव्याकडच्या खवय्यांनी नोव्हेंबर ते मार्चमध्ये किनोसाकी गाठावं. तो तिथल्या खेकड्यांचा मोसम. कच्चा, भाजलेला, उकडलेला, शेवटी त्याच रसात शिजवलेला भात. मसाल्याचा कण नसतो, तरी दर्जा कळायला वेळ लागत नाही. दर मात्र त्या महिन्यांत चढलेले असतात.

घरून नेलेलं लोणचं, ठेचा, फरसाण र्‍योकानच्या ताटाशेजारी मांडू नये. खोलीतही उग्र वासाचे पदार्थ उघडू नका. तातामी म्हणजे गवताची चटई. वास धरून ठेवते. ते डबे ट्रेनसाठी ठेवा.

पोहोचताना

मोठ्या बॅगा बरोबर नेऊ नका. जपानमध्ये ‘ताक्युबिन’ ही सामान पोहोचवणारी सेवा आहे. आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून बॅग पुढच्या शहरातल्या हॉटेलला पाठवा, सहसा दुसऱ्या दिवशी पोहोचते. र्‍योकानला एका रात्रीपुरती छोटी पिशवी पुरते, कारण रात्रीचे कपडे, टॉवेल, टूथब्रश, साबण सगळं तिथे असतं. चाकाची बॅग न्यावीच लागली तर ती तातामीवरून ओढायची नाही, उचलून लाकडी कोपऱ्यात ठेवायची.

ट्रेनची वेळ आधी कळवलीत तर पुष्कळ घरं स्टेशनवर गाडी पाठवतात. उशीर होणार असेल तर फोन करा. रात्रीच्या जेवणाची शेवटची वेळ बहुधा ७ किंवा ७.३० असते, त्यानंतर जेवण मिळेलच असं नाही.

दारात खालच्या फरशीवर बूट काढायचे आणि पाऊल थेट वरच्या लाकडी पायरीवर ठेवायचं. मोजे घातलेला पाय खालच्या फरशीला लागू द्यायचा नाही. बूट कुणीतरी उचलून नीट ठेवतं. वर ठेवलेल्या सपाता बोळातून चालायला. तातामीच्या खोलीत त्याही बाहेर काढायच्या. शौचालयासाठी वेगळ्या सपाता दारातच असतात, त्या तिथेच सोडून बाहेर यायचं. घरात चप्पल न घालणाऱ्या आपल्या लोकांना यातलं बहुतेक अंगवळणी पडलेलं असतं. मोजे मात्र स्वच्छ आणि न फाटलेले असू द्या.

नाव लिहिताना पासपोर्ट मागतात. मग तुमच्या खोलीची जबाबदारी असलेल्या बाई, ‘नाकाई-सान’, खोलीत घेऊन जातात, चहा आणि छोटी मिठाई देतात आणि विचारतात: जेवण किती वाजता, न्याहारी किती वाजता, युकाताचं (तिथे घालायच्या सुती अंगरख्याचं) माप कोणतं. ‘कधीही चालेल’ असं उत्तर देऊ नका. वेळ सांगा आणि ती पाळा. त्या वेळेवरून स्वयंपाकघराची, अंथरूण घालणाऱ्यांची आणि खाजगी स्नानाची वेळापत्रकं लागतात.

खोली

खोली रिकामी वाटेल. एक बुटकं मेज, बैठक, कागदी सरकती दारं, आणि भिंतीत किंचित उंच असा कोनाडा, त्यात एक लटकतं चित्र आणि फुलांची मोजकी रचना. हा ‘तोकोनोमा’. ती सामान ठेवायची जागा नाही. बॅग, फोन, कपडे काहीही तिथे नको, मुलांना तिथे बसवू नका. त्याच्या जवळची बैठक मानाची असते. घरातल्या आजी-आजोबांना तिथे बसवा, नाकाई-सानना ते लगेच कळतं.

गुडघ्यांचा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. जमिनीवर बसणं-उठणं जमत नसेल तर बुकिंगच्या वेळीच उंच खुर्ची-टेबल आणि पलंग असलेली खोली मागा. हल्ली अनेक जुन्या घरांनी अशा खोल्या केल्या आहेत. मागायला संकोच नको. दोन दिवस दुखणारे गुडघे घेऊन कसलंच सौंदर्य दिसत नाही.

खिडकीशी बहुतेक वेळा दोन खुर्च्यांची एक अरुंद पट्टी असते आणि समोर बाग. पुण्यात पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलेल्यांना जपानी बाग म्हणजे फिरायची जागा वाटते, आणि ओकायामाच्या ज्या कोराकुएनवरून ते उद्यान घडवलं ती आहेच फिरण्याची. र्‍योकानची छोटी बाग मात्र बसून, एका ठरावीक उंचीवरून पाहण्यासाठी रचलेली असते. चहा तिथेच बसून घ्या.

युकाता हा सुती अंगरखा. डावी बाजू वर, उजवी खाली. उलट नेसवतात ते प्रेताला, म्हणून एवढं मात्र चुकवू नका. आत आपले कपडे घातले तरी चालतं. थंडीत वरून जाड जाकीट मिळतं. याच वेशात जेवायला, बोळात, ओन्सेन गावात तर रस्त्यावरही जायचं असतं.

स्नान, पायरीपायरीने

इथेच आपली माणसं अडखळतात, म्हणून आधी मोठा प्रश्न. हो, सामायिक कुंडात पूर्ण विवस्त्र उतरायचं असतं. पोहण्याचे कपडे चालत नाहीत. बायका आणि पुरुष वेगळे. कुणी कुणाकडे बघत नाही, आणि पाच मिनिटांत हे तुमच्याही लक्षात येतं. तरीही नको वाटत असेल तर दोन वाटा आहेत: तासाभरासाठी आतून कडी लावून घेता येणारं ‘काशिकिरी’ स्नान, किंवा खोलीतच कुंड असलेली महाग खोली. नवरा-बायकोला एकत्र स्नान करायचं असेल किंवा लहान मुलं असतील तर काशिकिरीच घ्या. आल्याआल्या त्याची वेळ धरून ठेवा, संध्याकाळच्या वेळा लगेच भरतात.

अंगावर गोंदलेलं असेल तर आधी विचारा. जपानमध्ये अनेक सामायिक कुंडांवर अजून मनाई आहे, आणि हातावरचं आजीचं तुळशीचं गोंदण वेगळं आहे हे दारातल्या माणसाला कळेलच असं नाही. किनोसाकीच्या सातही स्नानगृहांत गोंदण चालतं.

दागिने खोलीतल्या तिजोरीत ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी पाहता पाहता काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची साखळी आठवणीने काढा.

आता क्रम. दाराशी लटकणाऱ्या कापडी पडद्याचा रंग पाहा: सहसा निळा पुरुषांचा, लाल बायकांचा. पुष्कळ घरांत रात्री आणि सकाळी कुंडांची अदलाबदल करतात, त्यामुळे काल ज्या दारातून गेलात त्यातूनच आज शिरू नका. आतल्या खोलीत टोपलीत कपडे ठेवायचे, फोन बाहेरच. छोटा पंचा घेऊन आत जायचं. भिंतीशी नळ आणि बुटकी स्टुलं असतात. तिथे बसूनच साबणाने नखशिखान्त अंघोळ करायची, शेजाऱ्यावर शिंतोडे उडू द्यायचे नाहीत, फेस पूर्ण धुऊन काढायचा आणि स्टुलावरही पाणी टाकायचं. लांब केस वर बांधायचे. मगच कुंडाकडे. आत पाय टाकण्यापूर्वी दोन-चार तांबे कुंडाचं पाणी पायांवर, मग खांद्यावर घ्यायचं, म्हणजे शरीराला उष्णतेची सवय होते.

पाणी ४० ते ४२ अंश असतं. हळूच उतरा, पहिल्यांदा पाच-सात मिनिटं पुरेत. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर किंवा काठावर. डोकं बुडवायचं नाही, पोहायचं नाही, आत अंग चोळायचं नाही. कुंड स्वच्छतेसाठी नसतं. स्वच्छता आधीच झालेली असते. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या किंवा कोकणातल्या गरम झऱ्यांच्या कुंडांवर गेलेल्यांना गरम पाणी नवं नाही, पण तिथल्या सवयी इथे आणू नका. बाहेर येऊन थोडं थंड व्हा, पुन्हा उतरा. उघड्यावरचं कुंड, ‘रोतेंबुरो’, असेल तर शेवटची वेळ तिथली. बाहेर निघताना कपड्यांच्या खोलीत पाऊल टाकण्यापूर्वी पंच्याने अंग टिपायचं.

भिंतीवर पाण्यातल्या खनिजांचा तक्ता असतो. १९४८ च्या ओन्सेन कायद्यानुसार झऱ्याचं पाणी २५ अंशांहून कमी नसलं किंवा त्यात ठरावीक द्रव्यं असली की त्याला ओन्सेन म्हणता येतं. पाणी सौम्य असेल तर शेवटी साध्या पाण्याने अंग धुवायचं नाही, असं जाणकार करतात. आम्ल किंवा गंधकाचं पाणी कातडीला झोंबत असेल तर धुवा.

रक्तदाब, हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. मद्य घेतल्यावर, भरल्या पोटी लगेच, किंवा ताप असताना उतरू नका. प्रत्येक वेळी नंतर पाणी प्या. जेवणापूर्वी एक, झोपण्यापूर्वी एक आणि न्याहारीपूर्वी एक स्नान, ही माझी आवडती वाटणी. पहाटेचं सर्वांत चांगलं.

रात्रीचं जेवण

‘काइसेकी’ जेवण खोलीत किंवा शेजारच्या छोट्या दालनात येतं आणि दीड-दोन तास चालतं. घासभर पदार्थांची सुरुवात, स्वच्छ सार, कच्ची मासळी, भाजलेला पदार्थ, शिजवलेल्या भाज्या, काही वाफवलेलं, काही आंबट. शेवटी भात, मिसो सूप आणि लोणचं, मग फळ. भात अखेरीला येतो. आधी मागू नका. सोबत भात हवाच असं वाटणाऱ्यांना पहिला अर्धा तास जड जातो, पण सुरुवातीच्या पदार्थांना भाताची गरज नसते, ते तसेच चाखायचे असतात. सोया सॉस मासळीला थेंबभर लावा, सगळ्यावर ओतू नका.

मेजावर छोट्या शेगडीवर भांडं असेल तर ज्योत विझेपर्यंत थांबा, तोवर ते शिजतं. साराच्या वाटीचं झाकण घट्ट बसलं असेल तर वाटीच्या कडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा, सुटतं. वाटी हातात उचलून पिणं हीच रीत आहे. काड्या भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत पदार्थ देऊ नका. दोन्ही गोष्टी अंत्यविधीतल्या आहेत. काड्या जमत नसतील तर काटा-चमचा मागा. सुरुवातीला ‘इतादाकिमासु’, उठताना ‘गोचिसोसामा देशिता’. पेयांचे पैसे वेगळे.

सकाळची न्याहारीही पूर्ण जेवणासारखी असते: भात, सूप, भाजलेला मासा, अंडं, तोफू, नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ कागद), लोणची. दाशीबद्दलची सूचना न्याहारीलाही लागू आहे हे पत्रात स्पष्ट लिहा, कारण पुष्कळदा ती फक्त रात्रीच्या जेवणापुरती धरली जाते. पावाची, पाश्चात्त्य पद्धतीची न्याहारी काही घरं देतात, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं.

रात्र

परत आलात की खोलीत फुतोन (जमिनीवरच्या गाद्या) घातलेले असतात. पाठीला कठीण वाटलं तर आणखी एक गादी मागा, बहुतेक ठिकाणी देतात. दारं कागदाची आणि लाकडाची, त्यामुळे आवाज सहज पलीकडे जातो. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे रात्रीचे १० वाजतात तेव्हा घरी संध्याकाळचे ६.३० झालेले असतात आणि नेमके तेव्हाच व्हिडिओ कॉल सुरू होतात. घरच्यांशी जेवणापूर्वीच बोलून घ्या. बाहेर फिरायला जाणार असाल तर मुख्य दार किती वाजता बंद होतं ते विचारून जा.

निघताना

खोली सोडण्याची वेळ १० किंवा ११. अंथरुणाच्या घड्या करून कपाटात ठेवू नका. चादर सारखी करून पांघरूण बाजूला घडी केलं की पुरे, कारण त्यांना चादरी काढायच्या असतात. युकाता तिथेच ठेवायची. आवडली असेल तर विचारा, काही घरं नवी विकतात.

टिप देण्याची पद्धत नाही, सेवेचा आकार बिलात असतोच. खास मदत झाली असेल, म्हणजे आजींसाठी खुर्ची शोधली किंवा मुलांसाठी वेगळं शिजवलं, तर १,००० ते ३,००० येन छोट्या पाकिटात घालून नाकाई-सानना देता येतात. त्याला ‘कोकोरोझुके’ म्हणतात. जाणती माणसं ते आल्यावरच देतात. उघड्या नोटा हातात ठेवू नका, आणि नाही म्हटलं तर आग्रह करू नका. आपल्याकडची एखादी छोटी खाऊची डबी दिलीत तर तीही आनंदाने घेतात.

बिल देताना स्नानकर आणि पेयांसाठी थोडी रोख जवळ असू द्या. ओकामी आणि इतर माणसं दारापर्यंत, कधी रस्त्यापर्यंत येतात आणि गाडी वळेपर्यंत उभी असतात. मागे वळून हात करा. ‘ओसेवा नि नारिमाशिता’, म्हणजे तुम्ही आमचं सगळं केलंत, असं म्हणून निघावं. स्टेशनवर सोडणाऱ्या गाडीच्या फेऱ्या मोजक्याच असतात, तेव्हा कुठली ट्रेन पकडायची आहे ते आदल्या रात्री जेवणाच्या वेळीच सांगून ठेवा.